साहेबाचे ओटे आणि एक पिवळी रेघ

चकित करणारी माहिती एका ओळीत संपली पाहिजे, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. शाळांच्या प्रश्नमंजुषा घेताना, सुट्टीतल्या शिबिरांत मुलांशी बोलताना, फलकावर रोजची ‘माहीत आहे का?’ची ओळ लिहिताना हे पथ्य मी कसोशीने पाळलं. क्लिओपात्रा काळाच्या हिशेबात पिरॅमिडपेक्षा चांद्रविजयाला जवळची, ही त्यातलीच एक ओळ. गिझाचा मोठा पिरॅमिड इसवी सनापूर्वी २५६०च्या सुमाराचा, क्लिओपात्राचा मृत्यू इसवी सनापूर्वी ३० मधला आणि माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली. वजाबाकी ज्याची त्याने करावी. ऑक्सफर्डमध्ये १०९६ साली शिकवणं चालू होतं आणि अ‍ॅझ्टेकांची राजधानी वसली १३२५ साली, ही दुसरी. अशी ओळ ऐकली की शेवटच्या बाकावरचं मूलसुद्धा मान वर करतं. त्या क्षणी स्पष्टीकरण सुरू केलं की तीच मान पुन्हा खाली जाते, हे मी डोळ्यांनी पाहत आलो होतो. स्पष्टीकरणं द्यायला पाठ्यपुस्तकं आहेत, आपलं काम नवल वाटायला लावण्याचं, अशी मी या कामाची वाटणी करून टाकली होती.

आज ते मत माझं राहिलेलं नाही. ‘हे कसं कळलं?’ या प्रश्नाचं उत्तर सोबत नसेल तर चकित करणारी माहिती सांगू नये, इतक्या टोकाला मी आलो आहे. हा बदल एका दिवसात झाला नाही, पण त्याची सुरुवात कुठे झाली ते नेमकं सांगता येतं. ती विजयदुर्गच्या हेलियमपाशी झाली.

कोकणात शाळांमधून फिरणाऱ्या कोणालाही हा प्रश्न नवा नाही. ‘हेलियम या मूलद्रव्याचा शोध महाराष्ट्रातल्या कोणत्या किल्ल्यावर लागला?’ उत्तर: विजयदुर्ग. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होतं, नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने किल्ल्यावर दुर्बीण लावली आणि सूर्यावर एक नवा वायू असल्याचं त्याला आढळलं, अशी ती हकीकत. त्याने उपकरणं ठेवण्यासाठी बांधलेले चौथरे किल्ल्यात आजही दाखवतात. ‘साहेबाचे ओटे’ म्हणूनच ते ओळखले जातात. दर वर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो, मुलं येतात, भाषणं होतात. या हकीकतीतल्या तारखा जुळत नाहीत असा आक्षेप माझ्या वाचनात आलेला होता. तरीही मी तो प्रश्न काढून टाकला नाही. आपल्या तालुक्यातल्या किल्ल्याचं नाव विश्वाच्या रचनेशी जोडलं गेलं आहे हे ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते तारखांच्या काटेकोरपणापेक्षा मोलाचं, असं मला मनापासून वाटत होतं. कोणी हटकलं तर ‘राहू द्या हो, त्याने कोणाचं काय बिघडतं?’ हे माझं उत्तर तयार असे.

एका शाळेत हाच प्रश्न विचारला आणि सातवीतल्या एका मुलीने पटकन उत्तर दिलं. गुण फळ्यावर लिहून मी पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तर ती उभीच. म्हणाली, “सर, किल्ल्यावरनं सूर्य दिसला असंल. पण सूर्यातला वायू कसा काय ओळखला? वास तर येत नाही ना इथपर्यंत.” वर्गात हशा पिकला, पण विज्ञानाच्या बाई हसल्या नाहीत. प्रश्नमंजुषा संपल्यावर त्या मुलांना प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. मीही मागोमाग गेलो.

बाईंनी खिडक्यांना जुन्या सतरंज्या लावून अंधार केला. स्पिरिटचा दिवा पेटवला. निळसर, जवळजवळ न दिसणारी ज्योत. मग तारेचं टोक मिठाच्या पाण्यात बुडवून ज्योतीत धरलं. ज्योत एकदम पिवळीजर्द झाली आणि सगळ्यांचे चेहरे त्या उजेडात विचित्र पिवळट दिसायला लागले. एका मुलाने लगेच सांगितलं, “बाई, पेज उतू गेली की गॅस असाच होतो.” बाई म्हणाल्या, “हो, तेच. पेजेत मीठ असतं, मिठात सोडियम असतं, आणि सोडियम तापलं की असाच उजेड देतं.” मग त्यांनी बुटाच्या खोक्याचं एक उपकरण काढलं. एका बाजूला दोन ब्लेडची पाती अगदी जवळजवळ चिकटवून केलेली फट, दुसऱ्या बाजूला तिरका लावलेला सीडीचा तुकडा आणि त्यावर बघायला भोक. सतरंजी बाजूला करून आकाशाच्या उजेडाकडे धरलं की आत इंद्रधनुष्यासारखा अखंड पट्टा दिसायचा. मिठाच्या ज्योतीकडे धरलं की तो पट्टा गायब आणि काळोखात फक्त एक पिवळी रेघ. प्रत्येक मुलाने डोळा लावून ती पाहिली, काहींनी पुन्हा पुन्हा. प्रत्येक मूलद्रव्य तापल्यावर आपापल्या ठरलेल्या जागीच रेघा देतं, दुसऱ्याच्या जागी कधी देत नाही, म्हणून रेघेची जागा मोजली की दूरच्या उजेडात कोण आहे ते कळतं, एवढं बाईंनी सांगितलं.

त्यावर त्या मुलीने विचारलं, “मग सूर्याच्या उजेडात पिवळी रेघ दिसली, तर सूर्यावर मीठ आहे असं नाही का झालं?”

हा प्रश्न १८६८ साली हिंदुस्थानात आलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या प्रश्नाच्या किती जवळचा होता, ते मला घरी जाऊन वाचायला लागल्यावर समजलं.

त्या वर्षीच्या खग्रासाचा पट्टा एडनवरून येऊन कोकण किनाऱ्यावर देशात शिरला आणि आडवा जाऊन मछलीपट्टणजवळ बंगालच्या उपसागरात उतरला. पाच मिनिटांहून अधिक काळ पूर्ण अंधार मिळणार होता, म्हणून युरोपातून माणसं समुद्र ओलांडून आली. रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीत होता, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात. विख्यात हर्शेल घराण्यातलाच तो. कॅप्टन हेग विजापुरात होता. मेजर टेनंट गुंटूरला होता आणि फ्रान्सचा पिएर जान्सेनही गुंटूरलाच. मद्रासच्या वेधशाळेचा पॉग्सन मछलीपट्टणला होता. चंद्राने सूर्य पूर्ण झाकला की त्याच्या कडेला गुलाबी ज्वाला दिसतात. त्या ज्वाला कशाच्या, हे पहिल्यांदाच वर्णपटदर्शकातून, म्हणजे बाईंच्या खोक्यासारख्याच उपकरणातून, तपासायचं होतं. सगळ्यांना चमकदार रेघा दिसल्या, म्हणजे ज्वाला तापलेल्या वायूच्या आहेत हे नक्की झालं. त्यांतल्या काही रेघा हायड्रोजनच्या होत्या. आणि एक पिवळी होती. ती बहुतेकांनी सोडियमचीच धरली. धरणारच, कारण पिवळ्या भागात सोडियमच्या दोन ठळक रेघा असतात हे प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला पाठ होतं. सातवीतल्या मुलीच्या भाषेत सांगायचं तर त्यांना सूर्यावर मीठ दिसलं.

जान्सेनचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे. त्या रेघा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, हे त्याला तिथल्या तिथे सुचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, भर उन्हात, त्याने फट सूर्याच्या कडेवर आणली आणि ज्वालांच्या रेघा पुन्हा पाहिल्या. ग्रहणाची पाच मिनिटं संपली होती, पण त्याच्यापुरतं ग्रहण रोजचं झालं. पुढचे कित्येक दिवस तो गुंटूरला हेच करत बसला.

त्या ऑगस्टमध्ये नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्ये होता. तो तेव्हा लष्करी खात्यात कारकुनी करायचा आणि उरलेल्या वेळात घरच्या दुर्बिणीतून सूर्य पाहायचा. ग्रहणाशिवाय ज्वाला पाहता येतील ही कल्पना त्यालाही सुचली होती, पण हवा तसा वर्णपटदर्शक त्याच्या हाती आला तो ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमधून त्याने सूर्याच्या कडेवरच्या त्याच रेघा पाहिल्या आणि पिवळ्या रेघेची जागा काळजीपूर्वक तपासली. ती सोडियमच्या जागेवर नव्हती. किंचित हिरव्या बाजूला सरकलेली होती. आजच्या मापात सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर पडतात आणि ही ५८७.६ वर. एवढासा फरक! पण त्या जागी रेघ देणारं कोणतंही मूलद्रव्य पृथ्वीवर कोणाला माहीत नव्हतं. जान्सेनचं गुंटूरहून निघालेलं पत्र आणि लॉकियरचा निरोप हे दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच सुमाराला पोचले आणि एकाच बैठकीत वाचले गेले. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं.

मग हेलियम ‘सापडला’ कधी? लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी नव्या मूलद्रव्याची कल्पना मांडली, नावही आलं, पण अनेक रसायनशास्त्रज्ञांनी ते मनावर घेतलं नाही. जे हातात धरता येत नाही, बाटलीत भरता येत नाही, त्याला मूलद्रव्य कसं म्हणायचं? अशी तब्बल २७ वर्षं गेली. १८९५च्या मार्च महिन्यात विल्यम रॅम्झी लंडनमध्ये क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून निघणारा वायू तपासत होता. तो शोधत होता आरगॉन. वर्णपटात दिसली एक पिवळी रेघ, सोडियमच्या शेजारी, पण सोडियमची नव्हे. सूर्यावरचा पाहुणा खडकातून बाहेर पडला. तो खडकात का होता, याचं कारण त्यानंतर रदरफर्डच्या कामातून स्पष्ट झालं: युरेनियम आणि थोरियम विघटन पावताना जे अल्फा कण फेकतात, ते हेलियमचेच गाभे. जत्रेतल्या फुग्यातला हेलियम सूर्यावरून आलेला नाही. तो आपल्या पायाखालच्या खडकांत कोट्यवधी वर्षं साठत आलेला आहे. आता मला सांगा, ‘विजयदुर्ग’ या पाच अक्षरी उत्तरात यातलं काय मावतं?

विजयदुर्गचं काय, हा प्रश्न कोकणातला वाचक विचारणारच, आणि विचारलाच पाहिजे. मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद या भागाने दिला. लॉकियर विजयदुर्गला आला होता. अगदी खरोखर आला होता. फक्त १८६८ साली नव्हे, तर २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर तो सर झालेला होता, ‘नेचर’ या नियतकालिकाचा संस्थापक आणि संपादक म्हणून जगभर माहीत होता. त्याआधी डिसेंबर १८७१च्या ग्रहणासाठी तो मलबार किनाऱ्यावरच्या बेकल किल्ल्यात आला होता. दोन ग्रहणं, दोन किल्ले, दोन्ही समुद्राला खेटून. विजयदुर्गात ‘मेल्पोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या मदतीला होते. जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी त्यांच्याकडून आधी कसून सराव करून घेतलेला होता. कोणी सेकंद मोजायचे, कोणी छायाचित्राची काच बदलायची, कोणी नुसतं किरीटाचं, म्हणजे झाकलेल्या सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचं, चित्र काढायचं. साहेब आला, राहिला, त्याने वेध घेतले, हे सगळं खरं. माझा अंदाज असा की लोकांच्या आठवणीत १८६८ आणि १८९८ ही ग्रहणं एकमेकांत मिसळली आणि शोधाचं श्रेय ओट्यांना चिकटलं.

आणि त्याच १८९८च्या ग्रहणात जे आपलं स्वतःचं होतं, ते या एका ओळीने झाकून टाकलं. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला त्या दिवशी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे कावसजी दादाभाई नेगमवाला आपलं पथक घेऊन हजर होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या वेधशाळेत २० इंची परावर्ती दुर्बीण होती, त्या काळातली देशातली सर्वांत मोठी. ती पुढे कोडाईकनालला गेली. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कँपबेलही त्या दिवशी जेऊरलाच होता. नेगमवालांनी आपल्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल छापला. वऱ्हाडात तळणीला अ‍ॅनी माँडर या बाईंनी सूर्याच्या किरीटातला एक लांबच लांब झोत छायाचित्रात पकडला. जेऊर आणि तळणीच्या शाळांमधल्या मुलांना हे कोणी सांगितलं आहे का? मी सांगितलं नव्हतं. मी सगळीकडे विजयदुर्गच विचारत होतो.

अभिमानाला धक्का लावू नये म्हणून मी जी ओळ जपत होतो, तिच्यापेक्षा खरी हकीकत कितीतरी अधिक अभिमानाची निघाली. इथे माझं मत पहिल्यांदा हललं.

दुसऱ्यांदा ते हललं लोणारमुळे. ‘लोणार सरोवर ५२ हजार वर्षांपूर्वी उल्कापाताने तयार झालं आणि बेसाल्ट खडकातलं ते जगातलं एकमेव उल्काविवर आहे.’ हेही वाक्य स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत, पर्यटनाच्या फलकांवर, सगळीकडे. ५२ हजार हा आकडा मला फार आवडायचा, कारण तो नेमका वाटतो. तो आला कुठून? विवराजवळच्या आघाताने वितळलेल्या पदार्थांवर केलेल्या तापदीप्ती पद्धतीच्या मापनातून. खनिजांत किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते, प्रचंड उष्णतेने ती रिकामी होते, आणि पुन्हा साठायला लागते. किती साठली ते मोजलं की मधला काळ काढता येतो. नंतर तिथल्याच वितळलेल्या खडकांवर आरगॉन वायूच्या समस्थानिकांची पद्धत वापरली गेली, तेव्हा आकडा आला सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दोन्हींत दहापटींहून जास्त अंतर! मुलांना मी एक आकडा पाठ करायला लावत होतो, आणि ज्यांनी मोजमाप केलं त्यांच्यात अजून वाद चालू आहे. ‘एकमेव’चीही तीच गत. ब्राझीलच्या दक्षिण भागात व्हिस्टा अलेग्रेसारखी विवरं बेसाल्टमध्येच झालेली आहेत. लोणारचं महत्त्व त्याने तसूभर कमी होत नाही. चंद्र आणि मंगळाचा पृष्ठभाग बराचसा बेसाल्टचा, त्यामुळे तिथली विवरं समजून घ्यायला लोणारएवढी सुस्थितीतली, वाटीच्या घाटाची जागा पृथ्वीवर मिळणं अवघड. पण ‘एकमेव’ म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नाही.

लोणार ज्वालामुखीचं तोंड नव्हे हे कशावरून? ही हकीकत मी मुलांना सांगतो तेव्हा वर्गात चिडीचूप होते. दख्खनचा सगळा खडकच सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यामुळे ज्वालामुखीची शंका येणं अगदी स्वाभाविक होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सरोवराच्या तळाशी खोल छिद्रं घेऊन खडकाचे नमुने काढले. त्यांत मास्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार या साध्या खनिजावर अफाट दाबाचा क्षणिक तडाखा बसला की त्याची स्फटिकरचना मोडून काचेसारखं मास्केलिनाइट बनतं. ज्वालामुखी कितीही खवळला तरी तसा तडाखा देऊ शकत नाही. हे मास्केलिनाइट सगळ्यांत आधी ओळखलं गेलं ते १८६५ साली बिहारमध्ये शेरघाटीला पडलेल्या उल्केत. आणि ती उल्का मंगळावरून आलेली होती, हे शंभराहून अधिक वर्षांनी उलगडलं. बुलढाण्यातल्या तळ्याच्या बुडाशी जे सापडलं, त्याची ओळख मंगळाच्या एका तुकड्याने पटवली!

एव्हरेस्टच्या उंचीची ओळही अशीच, तिचं थोडक्यात सांगतो. १८५६ साली जाहीर झालेली उंची २९,००२ फूट. आज मान्य असलेल्या ८८४८.८६ मीटरपेक्षा ती जेमतेम नऊ मीटरने कमी. नेपाळात शिरायची परवानगी नव्हती, म्हणून हे वेध दीडशे किलोमीटरहून जास्त अंतरावरून, तराईच्या सपाटीवरून घेतलेले. ज्या त्रिकोणांच्या साखळीवर ती मोजणी उभी होती, तिची सुरुवात विल्यम लँबटनने १८०२ साली मद्रासला केली. त्याचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवताना आपटलं तेव्हा तो तंबूत बसून आठवडेच्या आठवडे ते स्वतःच्या हाताने दुरुस्त करत राहिला. तो गेला २० जानेवारी १८२३ रोजी, आपल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. एव्हरेस्टची उंची तोंडपाठ असलेली वर्धा जिल्ह्यातली किती मुलं ती पाहून आली असतील?

आता माझ्या जुन्या मताची बाजू. ती मी सोडून दिली असली तरी तिच्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. धक्का लागतोच. क्लिओपात्राच्या ओळीने मान वर झाली नाही तर पुढचं ऐकणार कोण? चाळीस मुलांच्या वर्गात, पंधरा मिनिटांच्या तासिकेत, लोणारचं आरगॉन कोण समजावणार? शिक्षकांची ही अडचण खरी आहे आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण मत बदलायला शेवटी भाग पाडलं ते एका साध्या गोष्टीने. एका ओळीत खरी आणि खोटी माहिती अगदी सारखी दिसते. ‘चीनची भिंत चंद्रावरून दिसते’ हे वाक्य माणूस अंतराळात जायच्या कितीतरी आधीपासून छापलं जात होतं. २००३ साली चीनचाच पहिला अंतराळवीर यांग लिवेई परत येऊन म्हणाला की आपल्याला ती दिसली नाही. वाक्य आजही फिरतंय, कारण त्याचा घाट सुरेख आहे. आज प्रत्येकाच्या मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ असल्या ओळी येऊन पडतात: इतिहासातल्या, विज्ञानातल्या, भूगोलातल्या. आपली मुलं त्यांतली खरी कोणती हे ओळखणार कशावरून? माझ्या जुन्या पद्धतीने तयार झालेल्या मुलाकडे त्यासाठी एकच साधन असतं: ओळ आवडली की नाही. त्या प्रयोगशाळेतल्या मुलीकडे दुसरं साधन होतं, आणि ते मी तिला दिलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी प्रश्न कमी केले. एका स्पर्धेत पूर्वी जितके विचारायचो त्याच्या निम्मेही विचारत नाही. उत्तर बरोबर आलं तर अर्धे गुण, आणि ‘हे कशावरून कळलं असेल?’ याचा विचार केलेला दिसला तर उरलेले अर्धे, मग त्या विचाराची दिशा चुकली तरी हरकत नाही. वेळ लागतो, काही आयोजक कुरकुरतात, निकाल लांबतो. मुलं मात्र कंटाळत नाहीत. ती कंटाळतील, हीच तर माझ्या जुन्या मताची मुख्य भीती होती.

शाळा-शाळांमधून प्रश्नमंजुषा घेणाऱ्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. विजयदुर्गचा प्रश्न काढून टाकू नका. तो असा विचारा: १८९८ साली लॉकियर विजयदुर्गला कशासाठी आला होता, आणि त्याच्या तीस वर्षं आधी ती पिवळी रेघ मिठाची नाही हे त्याला कशावरून कळलं? सोबत स्पिरिटचा दिवा, चिमूटभर मीठ आणि बुटाचं खोकं घेऊन जा. आणि येत्या १८ ऑगस्टला किल्ल्यावर भाषण करणार असाल, तर जेऊरच्या नेगमवालांचं नाव तेवढं आवर्जून घ्या.